धबधबा घरी नसताना

बसा पोरांनो, असे भिंतीला टेकून बसा, मी वात जरा वर करतो. परवा तुमच्यातल्या कुणीतरी विचारलं होतं, की आजोबा, पावसाळा सरला की धबधबा जातो कुठे? प्रश्न ऐकायला साधा आहे, पण त्याचं उत्तर मला मिळालं ते बेलपाड्याच्या एका म्हाताऱ्या वाटाड्यामागे पहाटेपासून दिवस कलेपर्यंत कातळ चढलो तेव्हा. ती गोष्ट आज सांगतो.

हरिश्चंद्रगडाचं नाव तुम्ही ऐकलंय. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातला, १,४०० मीटरांहून उंच असा हा जुना गड. पाचनईकडून जाल तर लेकरंबाळं घेऊन लोक चढतात, देवाला नारळ फोडतात आणि संध्याकाळी घरी परततात. खिरेश्वराहून टोलारखिंडीची वाट थोडी दमवणारी आहे. पण पश्चिमेला, जिथे गड सरळ कोकणात कोसळतो, तिथे ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्याच्या बाजूने आणखी एक वाट आहे, तिला म्हणतात नळीची वाट. नावातच सगळं आलं बघा. नळी असते पाणी वाहून न्यायला, माणसं वाहून न्यायला नव्हे. पावसाळ्यात तिच्यातून जे पाणी उतरतं त्यासमोर हत्ती उभा राहायचा नाही. म्हणून माणसाने तिथे पाऊल टाकायचं ते पाणी ओसरल्यावर, आणि तेही वाट जाणणारा कुणीतरी पुढे असेल तरच.

दिवाळी होऊन गेली होती, भात झोडून पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या होत्या. पहाटे पाचला आम्ही चौघं बेलपाड्याहून निघालो. पुढे वाटाड्याबाबा, कमरेला कोयता, खांद्यावर दोराचं वेटोळं, फडक्यात तांदळाची भाकरी नि लसणाची चटणी. निघण्याआधी ते प्रत्येकाच्या जवळ आले आणि वासराला हुंगावं तसं हुंगून पाहू लागले. "गुरुजी, अत्तर, वासाचं तेल काय लावलंय का कुणी? असेल तर ओढ्यावर धुवून टाका." कारण विचारलं तर त्यांनी अंधारातच वर बोट केलं. म्हणाले, उजाडलं की दाखवतो.

उजाडलं तेव्हा आम्ही नळीच्या तोंडाशी होतो, आणि वर कड्याच्या पोटाला, पाऊस न पोचणाऱ्या जागी, काळी सुपं उलटी चिकटवावीत तशी आग्या माश्यांची मोहोळं लोंबत होती. या माश्यांची एक गंमत सांगतो नि मग पुढे जातो. मोहोळावर माश्यांचा जिवंत पडदाच असतो. गांधीलमाशी जवळ आली की एका कडेची माशी पोट झटकन वर उचलते, तिचं बघून शेजारची, मग तिच्या शेजारची, आणि वाऱ्याने भाताच्या खाचरावरून लाट जावी तशी चकाकती लाट साऱ्या पडद्यावरून धावत जाते. ती लाट बघूनच गांधीलमाशी माघारी फिरते. पण धूर झाला, उग्र वास आला, की लाटेवर भागत नाही, पडदाच उठतो, आणि अर्ध्या कड्यावर असलेल्या माणसाला पळायला जागा नसते. बाबा तिथून पुढे तासभर एक शब्द बोलले नाहीत, आणि आम्हीही नाही.

नळी म्हणजे दोन्ही बाजूंना काळ्या भिंती, मधे घराएवढे धोंडे एकावर एक रचलेले, आणि वर आभाळाची एक चिंधी. तोंड पश्चिमेला, म्हणून ऊन दुपारपर्यंत आत येत नाही, अंगावर गारवा. धोंड्याखालून एक बारीक धार झुळझुळत होती, करंगळीएवढी. चालणं असं नव्हतंच. या धोंड्यावर चढा, त्याच्या बगलेतून घुसा, तिसऱ्याखालून रांगा. आणि मग धोंडे संपून समोर सरळ कातळ येतो. असे कातळटप्पे त्या वाटेवर अनेक आहेत. बाबा अनवाणी, पालीसारखे वर गेले, दोर बांधला, आणि खाली सोडला.

आता कातळ चढायचा म्हणजे काय, ते बाबांनी मला पहिल्याच टप्प्यावर शिकवलं. भीती वाटली की माणूस कातळाला पोटाशी धरतो, लेकराने आईला धरावं तसं. मीही धरलं, आणि लगेच पाय सुटायला लागले. वरून आवाज आला, "गुरुजी, पोट सोडा! पायावर उभे राहा, हात निस्ते तोलाला." पोट मागे घेतलं, तशी पावलं जागच्या जागी रुतली. त्यात चमत्कार काही नाही: अंग भिंतीला चिकटलं की वजन पायावर नीट पडत नाही, पाय बाहेरच्या बाजूला ढकलले जातात, अंग जरा दूर ठेवलं की सगळं वजन तळव्यातून कातळात दाबलं जातं, आणि जितका दाब तितकी पकड. दुसरी शिकवण अशी, की दोन पाय नि एक हात, असं तीन जागी घट्ट असल्याशिवाय चौथं हलवायचं नाही. कमरेला दोर होता, वर बाबांचा हात होता, तरी तो नियम मी मंत्रासारखा पुटपुटत होतो.

असं नाक कातळाला लावून चढताना एक लाभ होतो, कातळ वाचता येतो. माझा डावा हात जिथे होता तिथे खडक जाळीदार होता, घावनाला पडते तशी जाळी, आणि काही भोकांत पांढऱ्या स्फटिकांचे दाणे भरलेले. आणि खरंच ते घावनच आहे म्हणा! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमीन फाटून तापलेला रस बाहेर पसरला, थरावर थर. आज उरलेलाच पसारा म्हणाल तर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर. तव्यावरच्या घावनातली वाफ वर येऊन भोकं पाडते ना, तसे त्या रसातले वायू वर आले, थराच्या माथ्याकडे अडकले, आणि पुढे लाखो वर्षं झिरपणाऱ्या पाण्याने त्या भोकांत गारा भरल्या. थराच्या मधला भाग मात्र घट्ट, पोलादासारखा. आणि दोन थरांच्या मधे कुठे कुठे विटकरी लाल पट्टा दिसतो, बोट घासलं की रंग लागतो. एक थर निवल्यावर दुसरा येईतो जो काळ गेला, त्यात खालच्या थराची माती झाली, आणि वरचा तापलेला रस आल्यावर ती भट्टीतल्या विटेसारखी भाजून निघाली. मी बाबांना ते सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "लाल पट्ट्याच्या वर पाणी असतंय, एवढं मला ठावं हाय." आणि ते बरोबरच होतं. त्या पट्ट्यातली चिकणमाती पाणी खाली जाऊ देत नाही. जाळीच्या नि भेगांच्या खडकात मुरलेलं पाणी त्या पट्ट्यावर अडतं, आडवं सरकतं आणि कड्यातून झरा होऊन बाहेर येतं. आमच्या पायाखालची ती करंगळीएवढी धार म्हणजे आषाढाचंच पाणी होतं, डोंगराच्या पोटातून हळूहळू सुटणारं. धबधबा कुठे जातो विचारलंत ना, बराचसा जातो समुद्रात, पण थोडा तिथेच माजघरात निजलेला असतो.

तिसऱ्या की चौथ्या टप्प्यावर पोचलो, आणि तिथे मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. कातळाच्या सपाटीवर एक रांजण कोरलेला होता, कमरेइतका खोल, काठ असा गुळगुळीत की कुंभारानेसुद्धा हात जोडावेत. तळाशी हिरवं पाणी, आणि पाण्यात नारळाएवढा एक गोल गोटा. निघोजला कुकडीच्या पात्रात असे रांजणखळगे ढिगाने आहेत, लोक मुद्दाम बघायला जातात. पण इथे हा एकटा, कड्याच्या मधोमध. पाणी वरून पडतं, खळग्यात भोवरा धरतं, भोवऱ्यात सापडलेला दगड गरागरा फिरतो, रांजण खोल होत जातो आणि दगड गोल होत जातो. दोघं एकमेकांना घडवतात. मी खाली उतरलो, गोटा उचलला, चांगला जड होता, आणि पिशवीत टाकणार, तेवढ्यात बाबांनी हात धरला.

"ऱ्हाऊ द्या गुरुजी. त्याचं हत्यार हाय ते. तो आला की शोधील."

मी विचारलं, कोण तो? बाबांनी नळीत खालपासून वरपर्यंत नजर फिरवली. "ज्याचा जिना चढताय तो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सकाळपासून ज्याला वाट म्हणत होतो, ज्या पायऱ्या, खोबण्या नि कपारी धरून वर येत होतो, ते सगळं धबधब्याचं काम होतं. कातळात भेग होती, पाणी तिच्यात शिरलं, जाळीचा मऊ थर आधी खाल्ला, वरचा घट्ट थर खालचा आधार जाऊन लोंबकळला आणि एक दिवस तुटून पडला. घराएवढे धोंडे आले ते असे. मऊ थरापाशी टेकायला जागा, घट्ट थरापाशी सरळ भिंत, आणि दर पडझडीला धबधबा तसूभर मागे सरकतो. मी तो गोटा परत रांजणात ठेवला, पाण्यात हळू सोडला.

शेवटी नळी सोडून उजाड उतारावर यावं लागतं, आणि तिथे कातळापेक्षा वाईट असा घसारा, म्हणजे पायाखाली सुटी माती नि खडी. धरायला काय, तर कारवीच्या काठ्या. ही कारवी सात-आठ वर्षं नुसती पानं काढते, मग एका वर्षी सारा डोंगर जांभळा करून सोडते, बी धरते आणि मरून जाते. बेलपाड्यासारख्या गावांतल्या कुडाच्या भिंती तिच्याच काठ्यांच्या. बाबा सांगत, काठी शेंड्याला धरू नका, बुडाशी धरा.

माथ्यावर आलो तो दुपार कलली होती. कोकणकड्याच्या टोकाशी पालथं पडून, छातीने सरकत, डोकं बाहेर काढून खाली पाहिलं. कडा नागाच्या फण्यासारखा आत वळलेला, म्हणून पायथा दिसतच नाही, दिसते ती एकदम खालची हवा आणि तिच्यात सूं सूं करत जाणाऱ्या पाकोळ्या. मोठ्या पांढऱ्या पोटाच्या पाकोळीबद्दल शास्त्रज्ञांनी शोधलंय, की ती दोनशे दिवस जमिनीला पाय न लावता हवेत राहते, खाते तिथेच, झोपतेही बहुधा तिथेच. बाबांनी एक वाळकं पान घेतलं आणि कड्याबाहेर टाकलं. पान दोन हात खाली गेलं, थबकलं, आणि सर्रकन वर येऊन आमच्या डोक्यावरून मागे गवतात पडलं.

"श्रावणात पाणीबी असंच येतंय," बाबा म्हणाले. त्याचा हिशोब फार सोपा आहे. पडणारं पाणी थोड्याच अंतरात फुटून थेंब थेंब होतं, आणि थेंब कितीही उंचावरून पडो, हवा त्याला धरून ठेवते. टपोऱ्यात टपोरा थेंबसुद्धा सेकंदाला सुमारे ९ मीटरांपेक्षा जोरात पडू शकत नाही. समुद्रावरून आलेला वारा या भिंतीला आदळतो, त्याला वर जाण्यावाचून गती नाही, आणि त्याचा वेग थेंबाच्या वेगाहून जास्त झाला की थेंब पडायचे सोडून चढायला लागतात. नाणेघाटात लोक हे बघायला जातात ते याच कारणाने.

याच कड्यावर कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अंमलदाराने पूर्ण गोल इंद्रधनुष्य पाहिलं, आणि १८३५ साली लंडनला दख्खनच्या हवामानावर लिहिताना नोंदून ठेवलं. सूर्य पाठीशी, खाली दरीत धुकं, आणि त्या धुक्यावर रंगांचं कडं, मधोमध पाहणाऱ्याची सावली. आपले लोक त्याला इंद्रवज्र म्हणतात.

उतरलो ते पाचनईच्या बाजूने. जाता जाता बाबांनी माथ्यावरची उताराची दोन तोंडं दाखवली. इकडे पडलेला थेंब मंगळगंगेतून मुळेला, तिथून प्रवरेला, गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातो. आणि तिकडचा उल्हास नदीच्या वाटेने अरबी समुद्रात. एकाच ढगातले शेजारी, पुन्हा भेट नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढच्या श्रावणात मी मुद्दाम बेलपाड्याला गेलो. वर चढायचा प्रश्नच नव्हता. पायथ्याच्या ओल्या कातळावर मात्र एक नवल बघितलं: बेडकाची पिल्लं, शेपटीसकट, पाण्याबाहेर उभ्या खडकावर चिकटून शेवाळ खात होती, आणि बोट नेलं की टुणकन उडी मारून वर सरकत होती. सह्याद्रीत असे बेडूक आहेत, ज्यांच्या पिल्लांना डबक्याची गरज नाही, खडकावरून ओघळणारा पाण्याचा पापुद्रा पुरतो. पोट कातळाला लावून चढणं त्यांना जमतं.

बाबा इरलं पांघरून ओढ्याच्या काठी उभे होते. समोर नळी दिसत नव्हती, नुसता पांढरा लोट, आणि त्याच्या घोंगावण्याखाली, पोटातून आल्यासारखे, धाड... धाड... असे ठोके. "धोंडं बोलतायत," बाबा म्हणाले. पुराच्या पाण्यात तळाचे दगड एकमेकांवर आपटत चालतात, त्याचा तो आवाज. पाऊस अंगावर घेत मी तिथे बराच वेळ उभा होतो, आणि त्या सगळ्या ठोक्यांत रांजणातल्या गोट्याचा ठोका कोणता असेल, तो कान देऊन शोधत होतो.