वॉर्साची पियानो स्पर्धा



अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कोठल्याही शाळेंत गायनवादनाच्या स्पर्धा झाल्या कीं, ‘कलेला गुण देतां येतात काय?’ हा प्रश्न घरोघर निघतो. त्याचें उत्तर शोधतांना पोलंडची राजधानी वॉर्सा येथील शोपॅन पियानो स्पर्धेचा इतिहास फार उपयोगीं पडतो. दुसऱ्या महायुद्धांत ज्या देशाच्या सुमारें ५,००० निर्वासितांना कोल्हापूरजवळ वळिवडे येथें आसरा मिळाला, तोच हा देश.

शोपॅन हा १९ व्या शतकांतील पोलिश संगीतकार. पहिल्या महायुद्धानंतर त्याचें संगीत हळवें म्हणून मागें पडूं लागलें, याचें येझी झुराव्लेफ या संगीतशिक्षकास वाईट वाटलें. तरुण मंडळी खेळांच्या सामन्यांत रमतात, मग संगीताचाच सामना कां भरवूं नये, असें त्याच्या मनांत आलें. सर्वांनीं एकट्या शोपॅनच्याच रचना वाजवावयाच्या, असा नियम ठरला. १९२७ सालच्या पहिल्या स्पर्धेंत ८ देशांचे २६ वादक आले. रशियाचा लेव्ह ओबोरिन पहिला आला.

रचना ठरलेली, स्वर लिहिलेले. मग मतभेद कशाचा? शोपॅन वाजवितांना लय किंचित् सैल सोडून पुन्हा आवरावी लागते. आपला गवई समेवर येण्यापूर्वीं जसा खेळतो, तसाच कांहींसा हा प्रकार. एका परीक्षकास त्यांत लालित्य दिसतें, दुसऱ्यास बेशिस्त. १९३२ सालीं उनिन्स्की व हंगेरीचा अंध वादक उंगार यांचे गुण सारखे भरले, तेव्हां नाणें उडवून पहिला क्रमांक उनिन्स्कीस देण्यांत आला! १९८० सालीं व्हिएतनामचा डांग थाय सोन हा आशियांतील पहिला विजेता ठरला. त्याच वर्षीं पोगोरेलिच अंतिम फेरीपूर्वींच बाद झाला. १९६५ ची विजेती मार्था आर्गेरिच हिनें त्याच्यासाठीं परीक्षकपद सोडलें, आणि पुढें तोही जगद्विख्यात झाला. १९९० व १९९५ सालीं तर पहिलें पारितोषिक कोणासच दिलें नाहीं.

असें असूनही १९२७ सालीं सुरू झालेल्या या स्पर्धेची १९ वी फेरी २०२५ सालीं पार पडली. शोपॅन पुन्हा कानोकानीं पोंचावा, हा झुराव्लेफचा हेतु सफल झाला. म्हणून आईबापांना एवढेंच सांगावेंसें वाटतें, मुलांना स्पर्धेस अवश्य धाडा. त्या निमित्तानें रियाज होतो, चांगलें कानांवर पडतें. परंतु निकाल हा त्या दिवसाचा, त्या चार कानांचा कौल असतो. तो मुलाच्या कपाळावरचा लेख समजूं नका.