जुन्या पेनाची किंमत कशावर ठरते?

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. जाणतं गिऱ्हाईक तिथे आधी घोड्याचे दात बघून वय ताडतं, मग अंगावरचे भोवरे बघतं, मग चाल. नुसत्या तुकतुकीवर पैसे मोजत नाही. जुन्या फाउंटन पेनाची पारखही अशीच अंगोपांग तपासून करायची असते.

सगळ्यात मोठा गैरसमज वयाचा. आजोबांचं पेन म्हणजे महागच, असं घरोघरी वाटतं. पण पार्करचं ‘५१’ हे पेन १९४१ साली बाजारात आलं आणि जगभर लाखोंनी खपलं. म्हणून साध्या काळ्या ‘५१’ला आजही बेताचाच भाव मिळतो. तेच पेन दुर्मीळ रंगाचं किंवा सोन्याच्या टोपणाचं निघालं, तर भाव कितीतरी चढतो. मागणीच्या मानाने माल किती उरलाय, यावर सारं गणित असतं.

मग येते निब. चांगल्या जुन्या पेनांची निब बहुधा १४ कॅरट सोन्याची असते. पण ते सोनं जेमतेम दोन-चार गुंजा. सोनाराकडे मोडली तर हाती फारसं काही लागत नाही आणि पेन मात्र मातीमोल होतं. खरा जीव टोकावरच्या कठीण धातूच्या कणात असतो. तो झिजला किंवा उडाला, की भाव पडलाच. हलक्या दाबाने पाती फाकून जाड-बारीक रेघ काढणारी लवचीक निब असेल, तर शौकीन जास्त पैसे द्यायला तयार होतात.

आपल्याकडे खरी मेख अस्सलपणाची. आयातीवर बंधनं होती तेव्हा परदेशी पेनांचे सुटे भाग सहज मिळत नसत. दुरुस्तीवाले हाताशी असेल ती निब, मिळेल ती क्लिप बसवून पेन चालतं करत. त्यांच्या कसबामुळे कितीतरी पेनं लिहिती राहिली. पण संग्राहक अशा जोडकामाला कमी मोजतो. आतली रबरी पिशवी बदललेली मात्र चालते, ती वाळून कडक होणारच.

कोरलेल्या नावाने भाव बहुधा उतरतो. नाव नामवंताचं असेल तर उलट होतं, पण पुरावा हवा. बाबासाहेब आंबेडकरांची फाउंटन पेनांची आवड सर्वश्रुत आहे. पण म्हणून त्यांच्या काळातलं प्रत्येक पेन त्यांचं ठरत नाही. पत्र, छायाचित्र किंवा हस्तांतराची नोंद सोबत लागते.

कपाटात असं पेन सापडलं, तर घासून चकचकीत करू नका. बॅरलवरचा कंपनीचा ठसा पुसला, तर ओळखच जाते. वाळलेली शाई सोडवायला निब साध्या गार पाण्यात ठेवा. गरम पाण्याने एबोनाइटचा, म्हणजे पेनाच्या कडक रबरी भागांचा, रंग उतरतो. टोपणाच्या काठाला केसासारखी चीर आहे का, तेवढं उजेडात बघा. बाकीचं काम जाणकाराच्या हाती सोपवा. भाव कितीही येवो, पेन लिहितं झालं की ते विकायचं की वापरायचं, हे ठरवायला तुम्ही मोकळे.