स्थानांतरक्षम आज्ञावली आणि तिच्यातील स्थिर मार्ग

प्रस्तावना :
संगणकीय आज्ञावलींचा वापर आज सर्वच विद्याशाखांच्या संशोधनात होत आहे. माणगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी विभागातील संगणकावर तयार केलेली आज्ञावली अन्यत्र न्यावी लागते. पुण्याच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म'सारख्या सामायिक महासंगणकावर सामान्य वापरकर्त्यास मूळ प्रणालीत बदल करण्याचे अधिकार नसतात. आज्ञावली स्वतःच्या फोल्डरमध्येच ठेवावी लागते. अशा वेळी 'फाईल सापडत नाही' हा संदेश येण्यामागे पुष्कळदा आज्ञावलीत कोरलेला स्थिर मार्ग हे कारण असते. प्रस्तुत लेखात या समस्येचा व तिच्यावरील उपायांचा विचार केला आहे.

समस्येचे स्वरूप :
कंपायलर आज्ञावली बांधतो तेव्हा ग्रंथालये व माहितीच्या फाईली यांचे पूर्ण मार्ग बायनरी फाईलमध्ये लिहिले जाऊ शकतात. मजकुराच्या फाईलमध्ये असा मार्ग सहज बदलता येतो. बायनरी फाईलमध्ये मात्र प्रत्येक घटकाचे स्थान निश्चित असते. 20 बाइटांच्या जागी 30 बाइटांचा मार्ग लिहिल्यास पुढील माहिती नष्ट होते.

उपाय :
1) आज्ञावलीने स्वतःचे स्थान शोधून तेथून सापेक्ष मार्ग ठरवावा. हा सर्वोत्तम उपाय होय.
2) लिनक्समध्ये ग्रंथालयांच्या शोधमार्गात 'डॉलर ओरिजिन' हे चिन्ह वापरावे. त्याचा अर्थ 'ही फाईल जेथे आहे ते फोल्डर' असा होतो. तयार बायनरीतील शोधमार्ग 'पॅचएल्फ' या साधनाने बदलता येतो.
3) बांधणीच्या वेळीच मुद्दाम लांब मार्ग द्यावा. 'कोंडा' ही प्रणाली त्यासाठी 255 अक्षरांचा मार्ग वापरते व स्थापनेच्या वेळी त्याजागी खरा मार्ग लिहिते. येथे उर्वरित मार्ग पुढे सरकवून शून्य बाइट शेवटी भरावे लागतात. ते मध्येच भरल्यास मार्ग तेथेच संपला असे मानले जाते.

दक्षता :
जुने फोल्डर त्याच संगणकावर शिल्लक असेल, तर स्थलांतरित आज्ञावली कोणतीही सूचना न देता जुनीच ग्रंथालये वापरू शकते. ती चालते, परंतु निष्कर्ष भलत्याच आवृत्तीचे असू शकतात. म्हणून मूळ फोल्डरचे नाव बदलूनच चाचणी घ्यावी.

निष्कर्ष :
संशोधनाची पुनःपडताळणी अन्य संगणकावरही व्हावी लागते. त्यामुळे स्थिर मार्गांचे निराकरण हा केवळ तांत्रिक सोयीचा भाग नसून संशोधनाच्या विश्वासार्हतेचा भाग आहे.