व्हेकन्सी नाही? मग खुर्ची आपणच बनवायची!

युफोनियम नावाचं एक गोड गळ्याचं पितळी वाद्य आहे. जगातल्या बड्या ऑर्केस्ट्रांमध्ये त्याला कायमची जागाच नाही. तरीही काही अवलियांनी त्याच्यावर अख्खं करिअर उभं केलं. कसं जमवलं त्यांनी?

समजा, तुम्ही एखाद्या गोष्टीत एकदम सॉलिड आहात. वर्षानुवर्षं रोज रियाज केलाय. लोक ऐकून थक्क होतात. आणि नोकरीच्या जाहिराती उघडल्या की त्या कामाची पोस्टच नाही! पगार कमी वगैरे सोडा, पोस्टच अस्तित्वात नाही. काय कराल? गुपचूप एमबीएचा फॉर्म भराल?

मी फ्रीलान्सर आहे. त्यामुळे ‘म्हणजे तू नक्की कुठे असतेस?’ हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात किमान तीन काकू विचारतात. म्हणूनच युफोनियमवाल्यांच्या गोष्टी वाचायला लागले, तेव्हा त्यात अडकलेच. कारण ही माणसं दीडशेहून जास्त वर्षं याच प्रश्नाला उत्तर देताहेत.

आधी ओळख करून घेऊ. ट्यूबा माहितीय? तो मांडीवर घेऊन वाजवायचा अगडबंब भोंगा? युफोनियम म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. आत सुमारे नऊ फूट लांबीची नळी गुंडाळलेली, वर आभाळाकडे तोंड केलेला कर्णा आणि बोटांखाली तीन-चार कळा. नाव ग्रीक शब्दावरून आलंय, अर्थ ‘सुरेल आवाजाचा’. आणि तो खरंच तसा आहे. ट्रम्पेटसारखा कानात घुसत नाही, चेलोसारखा अंगावर शाल पांघरतो. आपल्याकडच्या वरातीच्या बँडमध्येही ट्रम्पेट, क्लॅरिनेटच्या मागे उभा राहून हे वाद्य वाजवणारा कुणीतरी असतो. मेरठच्या जली कोठी भागात ही पितळी वाद्यं बनतात. थोडक्यात, युफोनियम तुम्ही बहुधा ऐकलंय, फक्त इंट्रो झालेला नाही.

उशिरा आलेला पाहुणा

मग ऑर्केस्ट्रात जागा का नाही? कारण साधं आहे. हे वाद्य आलं 1840च्या दशकात. तोपर्यंत सिम्फनी ऑर्केस्ट्राचं ‘सीटिंग अरेंजमेंट’ जवळपास ठरून गेलं होतं. बाख, मोझार्ट, बीथोव्हन यांनी ज्या वाद्यासाठी एक ओळही लिहिली नाही, त्याला कायम पगारावर ठेवणार कोण? गुस्ताव होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मध्ये किंवा रिचर्ड स्ट्राउसच्या ‘डॉन किहोते’मध्ये ‘टेनर ट्यूबा’ म्हणून त्याला काम मिळतं. तेवढ्यापुरतं बोलावणं, कार्यक्रम झाला की टाटा-बायबाय. शुद्ध फ्रीलान्सिंग!

पोटासाठी ट्रॉम्बोन, नावासाठी युफोनियम

पहिला रस्ता दाखवला सिमोन मांतियानं. 1873 साली सिसिलीत जन्मलेला हा माणूस अमेरिकेत जॉन फिलिप सुझाच्या बँडमध्ये युफोनियमचा स्टार सोलोइस्ट झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुझाचा बँड म्हणजे आजच्या भाषेत स्टेडियम भरवणारा ग्रुप. मांतिया एखादी साधी, सगळ्यांना पाठ असलेली धून घ्यायचा आणि तिच्यावर इतक्या वेगानं सुरांची आतषबाजी करायचा की त्याचे ते सोलो आजही युफोनियमच्या विद्यार्थ्यांना घाम फोडतात. पण गंमत पुढे आहे. हाच मांतिया न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा... ट्रॉम्बोन! कारण तिथे खुर्ची ट्रॉम्बोनची होती. डे-जॉब आणि पॅशन यांची सांगड घालणारी आपली पिढी पहिली नाही, बॉस.

लिओनार्ड फाल्कोनी दुसऱ्या वाटेनं गेला. 1899 साली इटलीतल्या एका छोट्या गावात जन्मला, सोळाव्या वर्षी अमेरिकेत पोचला. युनिव्हर्सिटीत शिकला व्हायोलिन. पुढे 1927पासून 1967पर्यंत, तब्बल चाळीस वर्षं, मिशिगन स्टेटच्या बँडचा संचालक. आणि त्याचं नाव कशासाठी राहिलं? युफोनियमसाठी! व्हायोलिनसारखं गाणारं युफोनियम ही त्याची ओळख. 1985मध्ये तो गेला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावानं युफोनियमची स्पर्धा सुरू झाली. नंतर तिथे ट्यूबावालेही आले आणि तिला आंतरराष्ट्रीय वजन आलं.

युनिफॉर्मवाली नोकरी

आता तुम्ही म्हणाल, एकही पक्की नोकरी नाही? आहे, पण त्यासाठी युनिफॉर्म चढवावा लागतो. अमेरिकेच्या लष्करी बँडमध्ये युफोनियमला हक्काची जागा आहे. हुद्दा, पगार, पेन्शन, सगळं. अट एकच, एखादी जागा रिकामी झाली की तिच्यासाठी देशभरातले दादा लोक ऑडिशनला हजर!

ब्रायन बोमन याच शाळेतले. आधी नेव्ही बँड, मग एअर फोर्स बँड. एवढी सेफ नोकरी मिळाल्यावर माणूस निवांत होतो ना? हे झाले नाहीत. 1976मध्ये त्यांनी न्यू यॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये युफोनियमचा स्वतंत्र कार्यक्रम केला. त्या जागी असं पहिल्यांदाच घडत होतं. बँडच्या रांगेत बसणारं वाद्य एकटं स्टेजवर आलं. नंतर नॉर्थ टेक्सास युनिव्हर्सिटीत शिकवून त्यांनी पुढच्या वादकांची फौजच उभी केली.

गिरणी, खाण आणि घराणं

ब्रिटनची तऱ्हा आणखी वेगळी. तिथल्या ब्रास बँडमध्ये युफोनियम म्हणजे हिरो. त्याच्याशिवाय पान हलत नाही. पण हे बँड जन्मले गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत. आपल्या गिरणगावात भजनी मंडळं होती ना, तसंच काहीसं. यॉर्कशरमधला ब्लॅक डाइक बँड 1855पासून एका कापड गिरणीच्या नावानं वाजतोय. 1968मध्ये खुद्द पॉल मॅकार्टनीनं या बँडकडून आपली धून रेकॉर्ड करून घेतली. पण एवढं नाव असलं, तरी या बँडवाल्यांची परंपरा हौशी. दिवसभर काम, संध्याकाळी तालीम.

म्हणजे कौतुक भरपूर, पण वाजवायला मोठ्या रचना कुठे होत्या? इथे तिसरी युक्ती कामी आली : संगीतकारांच्या मागे लागा, नवं लिहून घ्या! 1972मध्ये जोसेफ होरोविट्झ यांचा युफोनियम कॉन्चेर्तो लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ट्रेव्हर ग्रूम यांनी पहिल्यांदा वाजवला आणि एक दार उघडलं. वेल्सचे रॉबर्ट आणि निकोलस हे चाइल्ड्स बंधू याच बँडच्या दुनियेतले स्टार. रॉबर्टचा मुलगा डेव्हिड 2000 साली बीबीसीच्या ‘यंग म्युझिशियन’ स्पर्धेत ब्रास विभागात जिंकला. वेल्सचेच नामवंत संगीतकार कार्ल जेंकिन्स यांनी त्याच्यासाठी कॉन्चेर्तो लिहिला. आपल्या भाषेत, घराणं पुढे चाललं. फरक इतकाच की यांना बंदिशी वारशात मिळाल्या नाहीत, त्या मागून घ्याव्या लागल्या.

याच मुशीतले 1962 साली बोर्नमथमध्ये जन्मलेले स्टीव्हन मीड. त्यांनी ‘सोलो युफोनियम’ हेच आपलं व्हिजिटिंग कार्ड केलं. देशोदेशी दौरे, सीडींची मालिका, मँचेस्टरच्या रॉयल नॉर्दर्नमध्ये शिकवणं आणि वाद्य बनवणाऱ्या कंपनीबरोबर नव्या मॉडेल्सवर काम. एका वाद्याभोवती चार उत्पन्नं. याला म्हणतात पोर्टफोलिओ!

जॅझपासून अॅनिमेपर्यंत

आणि हे सगळं क्लासिकलमध्येच घडलं असं नाही. फ्रेडी हबर्डच्या 1961च्या ‘रेडी फॉर फ्रेडी’ या जॅझ अल्बममध्ये डेट्रॉइटचा बर्नार्ड मॅककिनी, म्हणजेच पुढचा कियाने झवादी, चक्क युफोनियम वाजवतो. सोबत वेन शॉर्टर, मॅकॉय टायनर, एल्व्हिन जोन्स. अशा पंक्तीत अनोळखी वाद्य घेऊन बसायला जिगर लागते.

पण तरुणाईत या वाद्याला खरं ग्लॅमर मिळालं ते जपानमुळे. 2015मध्ये क्योतो अॅनिमेशनची ‘साउंड! युफोनियम’ ही मालिका आली. क्योतोजवळच्या उजी शहरातली एक शाळा, तिथला बँड आणि युफोनियम वाजवणारी कुमिको. 2024मध्ये तिसरा सीझन आला. (पुढचं वाक्य स्पॉयलर आहे, बघायचं असेल तर गाळा!) शेवटी कुमिको प्रोफेशनल वादक होत नाही, त्याच शाळेत शिक्षिका म्हणून परत येते. मला तो शेवट भारी वाटला. फाल्कोनी, बोमन, मीड सगळे शिकवतच तर होते! या वाद्याला पुढचा वादक मिळतो तो बहुतेकदा अशाच एखाद्या वर्गातून.

थोडक्यात काय, या मंडळींनी कुणी दुसरं वाद्य वाजवून घर चालवलं, कुणी युनिफॉर्म घातला, कुणी संगीतकारांना गळ घातली, कुणी विद्यार्थी घडवले. एकानंही ‘योग्य संधी’ची वाट बघत वाद्य माळ्यावर ठेवलं नाही. दर महिन्याला मानधनाचे चेक मोजताना मला हे आठवलं की बरं वाटतं. आणि काकूंसाठी उत्तरही तयार आहे : ‘कुठे असते’ म्हणजे काय काकू, माझी खुर्ची बनतेय!

हेडफोन लावा!

* होल्स्ट, ‘द प्लॅनेट्स’मधला ‘मार्स’ : युद्धाच्या गदारोळात घुमणारा टेनर ट्यूबा शोधा.
* होरोविट्झ, युफोनियम कॉन्चेर्तो : मधला संथ भाग ऑफिसहून परतताना ऐका. ट्रॅफिक सुसह्य होतो.
* ‘रेडी फॉर फ्रेडी’ : शुक्रवारच्या रात्रीसाठी. कारण सांगायची गरज नाही.