आतल्या पडद्यावरचा नेम

जत तालुक्यातला द्राक्ष बागायतदार पेशीत ऊर्जा घडवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं नाव क्वचितच घेत असेल. पण ऑक्टोबर छाटणीनंतर केवड्याच्या धास्तीनं तो जी औषधं फवारतो, त्यांतली काही थेट तिथंच वार करतात. अझॉक्सिस्ट्रोबिन हे त्यांतलं एक. पाइनच्या गळून पडलेल्या शंकूंवर उगवणाऱ्या एका लहानशा अळंबीत १९७७ साली जर्मन संशोधकांना बुरशीनाशक रसायन सापडलं, त्याच्या धर्तीवर ही औषधं घडवली गेली. मायटोकॉन्ड्रियात अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन प्रथिनांच्या साखळीतून पुढं सरकतात. अझॉक्सिस्ट्रोबिन या साखळीतल्या सायटोक्रोम बी नावाच्या प्रथिनावर जाऊन बसतं, इलेक्ट्रॉन अडतात, पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी बनेनासं होतं आणि रोगाचा बीजाणू रुजण्याआधीच संपतो. मात्र याच प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसिनऐवजी अ‍ॅलानिन आलं, की औषधाला बसायला जागाच उरत नाही. महाराष्ट्रातल्या बागांत या औषधांना दाद न देणारा केवडा आढळला आहे. एका अमिनो आम्लाच्या फरकानं औषध निकामी होतं, हे लक्षात ठेवूनच माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाला वाचवू पाहणाऱ्या पेप्टाइडकडं बघायला हवं.

एलामिप्रेटाइड हे चार अमिनो आम्लांचं चिमुकलं पेप्टाइड. हेझल सेटो आणि पीटर शिलर हे संशोधक वेदनाशामक पेप्टाइडवर काम करत असताना या कुळातले रेणू पेशीत शिरून मायटोकॉन्ड्रियात गोळा होतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्याला असंख्य घड्या असतात आणि ऊर्जा घडवणारी प्रथिनं या घड्यांवर दाटीनं बसलेली असतात. कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ त्यांना जागेवर धरून ठेवतो. पेप्टाइडवरचा धन प्रभार कार्डिओलिपिनच्या ऋण प्रभाराला चिकटतो आणि पडद्याची घडण सावरली जाते. बार्थ सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजारात नेमकं कार्डिओलिपिनच नीट तयार होत नाही. बहुतेक मुलग्यांनाच होणाऱ्या या आजारात हृदय आणि स्नायू लहानपणापासून दुबळे राहतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मे २०२५मध्ये या आजारासाठी एलामिप्रेटाइडला नकार दिला होता, मग सप्टेंबरमध्ये सशर्त, त्वरित मान्यता दिली.

या मान्यतेवरचा आक्षेप हलका नाही. मुख्य चाचणीत अवघे १२ रुग्ण होते, आणि बिनऔषधाच्या इंजेक्शनशी तुलना करताना सहा मिनिटांत चालण्याचं अंतर वा थकवा यांत ठरवलेला फरक दिसला नाही. पुढं सगळ्यांनाच औषध देऊन दीर्घकाळ पाहिलं, तेव्हा गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद वाढलेली आढळली, आणि मान्यता त्या मापावर मिळाली. तरीही मला हा निर्णय योग्य वाटतो. इतक्या दुर्मीळ आजारात शेकडो रुग्ण गोळा करता येणार नाहीत, आणि इथं बिघाडाची जागा व औषध चिकटण्याची जागा एकच आहे. ज्या पोरांसमोर दुसरं औषध नाही, त्यांना आणखी दशकभर थांबवणं क्रूरपणाचं ठरलं असतं.

पण मग थकलेल्या, वयस्क माणसांनाही हेच का देऊ नये? मायटोकॉन्ड्रिया तर सगळ्यांनाच आहेत! तारुण्य आणि ताकद यांच्या नावानं पेप्टाइडच्या कुप्या इंटरनेटवर विकल्या जातात त्या याच युक्तिवादावर, आणि तो फसवा आहे. प्राथमिक मायटोकॉन्ड्रियल मायोपथी हा तर मायटोकॉन्ड्रियाचाच आजार. तिथंही २१८ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत याच औषधानं चालण्याचं अंतर वाढवलं नाही. त्या रुग्णांत बिघाड वेगवेगळ्या जनुकांत होता, कार्डिओलिपिनमध्येच असं नव्हे. पडदा धड असेल आणि साखळीतलं प्रथिनच मोडलेलं असेल, तर पडदा सावरून किती साधणार? बार्थच्या रुग्णांसाठीही उत्पादकाला पुढच्या अभ्यासातून औषधाचा उपयोग सिद्ध करून दाखवावा लागणार आहे; तो दिसला नाही, तर दिलेली मान्यता काढून घेता येते.