मार्गदर्शक मोठा की खेळाडू?

कुरखेड्यात संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतात. गोल म्हणजे दोन विटा. खेळ संपला की वाद सुरू होतो आणि जुना खेळशिक्षक म्हणून मला पंच करतात. परवा एकानं विचारलं, "सर, तो ग्वार्दिओला आपल्याकडे आला, तर आपण वडसावाल्यांना हरवू का?"

मी म्हटलं, "तो येईल रे, पण धावणार कोण?" पोरं हसली. मला मात्र माझंच उत्तर पटलं नाही.

स्टीफन शिमान्स्की या अर्थतज्ज्ञानं इंग्लंडच्या क्लबांचे हिशेब तपासले. खेळाडूंच्या पगारावर जास्त खर्च करणारे क्लब वर्षानुवर्षांच्या सरासरीत वर राहतात, असं त्याला दिसलं. म्हणजे बहुतेक मॅनेजरांच्या डावपेचांना वाव थोडाच. २०१६ मध्ये लेस्टर सिटीनं लीग जिंकली तेव्हा क्लॉडिओ रानिएरींचं केवढं कौतुक झालं! त्याच उन्हाळ्यात एन्गोलो कान्ते हा खेळाडू चेल्सीकडे गेला. पुढच्या हंगामात चेल्सी विजेती ठरली आणि रानिएरींना फेब्रुवारी २०१७ मध्येच घरी बसावं लागलं. चेल्सीचाही मॅनेजर त्या वर्षी नवा होता, हे सांगून टाकतो. नाहीतर पोरं मला पकडतील.

पण आपल्या विदर्भाचं काय? रणजी करंडकात विदर्भ १९५७-५८ पासून खेळतो आहे. साठ वर्षांत अंतिम फेरीचं तोंड पाहिलं नव्हतं. २०१७-१८ मध्ये चंद्रकांत पंडित मार्गदर्शक झाले आणि त्याच हंगामात करंडक आला. पुढच्या वर्षी पुन्हा. २०२२ मध्ये मध्य प्रदेशानं पहिल्यांदा रणजी जिंकली, तिथंही पंडितच. कर्णधार फैज फजल विदर्भाकडून कितीतरी वर्षं खेळत होता, वसीम जाफरही पंडितांच्या आधीच आलेला. माणसं बरीचशी तीच होती; शिस्त बदलली.

तरी उपांत्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या ५ धावांनी हरवताना शेवटच्या डावात ७ बळी घेतले ते रजनीश गुरबानीनं. चेंडू काही पंडितांनी टाकला नव्हता. आणि पंडित गेल्यावरही २०२४-२५ मध्ये विदर्भानं करंडक जिंकलाच.

मला वाटतं, फळ्यावरच्या बाणांपेक्षा कोणता गडी कुठं लावायचा, हे ओळखणं मोठं. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपला बचावपटू जर्नेल सिंग डोक्याला टाके घालून बसला होता. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला पुढच्या फळीत खेळवलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्यानं गोल केला आणि भारत २-१ असा जिंकला. पण पुढं खेळू शकणारा जर्नेल हाताशी होता म्हणून!

माझ्या हातून उलटं घडलं. आमच्या शाळेत एक पोरगा रोज जंगलातल्या पायवाटेनं चालत यायचा. धावायला लागला की कुणाच्या हाती लागत नसे. पण उंच होता, म्हणून पुस्तकात पाहून मी त्याला बचावात उभं केलं. तालुक्याच्या सामन्यात आम्ही एकही गोल न करता हरलो. मध्यंतरात त्यानं विचारलं होतं, "सर, मी समोर जाऊ का?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या वर्षी तो खेळायला आलाच नाही.

हे मी पोरांना कधी सांगितलेलं नाही. आज रेडिओ लावला असेल, तर ऐकतील.