साडेचार हजारांचा बोजा

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. तुम्ही कधी वाचलाय? मीही वाचला नव्हता. गेल्या वर्षी माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, साताऱ्याजवळ तीन गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट ठरवला. दीड लाख विसार दिला. मग होम लोनवाल्या बँकेच्या वकिलांनी सर्च रिपोर्टमध्ये नेमकं या रकान्यावर बोट ठेवलं : विकास सोसायटी बोजा, रु. ४,५००. नोंद १९८६ ची!

मालक काकांच्या वडिलांनी विहिरीवरच्या इंजिनासाठी घेतलेलं ते कर्ज. "अहो, ते कधीच फेडलंय," काका म्हणाले. फेडलं असेलही. पण कर्ज फिटलं म्हणून नोंद आपोआप जात नाही. अर्ज करून ती कमी करून घ्यावी लागते. ते राहून गेलं आणि इतकी वर्षं कोणाचं काही अडलंही नाही. अडलं ते दादाचं. वकील म्हणाले, बोजा हटल्याशिवाय लोन नाही. आणि विसार पावतीत खरेदीखताची मुदत फक्त दोन महिने.

"साडेचार हजारच ना, मीच भरतो," दादा म्हणाला. तुम्हालाही हेच सुचलं असेल. पण उताऱ्यावर दिसते ती मुद्दल, व्याजाचा हिशोब सोसायटीकडे. शिवाय नुसते पैसे भरून उपयोग नाही, हातात हवा बेबाकी दाखला, म्हणजे 'या खात्यावर काही येणे नाही' असं लिहिलेला कागद. सोसायटीचे सचिव मधल्या काळात कितीदा तरी बदललेले. तीन हेलपाट्यांनंतर लोखंडी कपाटातून जुनी खतावणी निघाली. खातं १९९१ लाच निरंक!

मग दाखला जोडून तलाठ्यांकडे अर्ज (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). तो ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही करता येतो. फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आमचे यात तीन महिने गेले. दादा वाचला तो वकिलांमुळे. त्यांनी वेळेत पुरवणी करार करून घेतला : बोजा उतरेपर्यंत मुदतवाढ, खर्च विकणाऱ्याचा. तसंही करारात वेगळं काही ठरलं नसेल तर आधीचा बोजा विकणाऱ्यानेच फेडायचा, असं मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ मध्ये आहेच.

सातबारा महाभूलेखवर फुकट दिसतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. दीड लाख देण्याआधी आम्ही हे १५ रुपये खर्च केले नव्हते, हे लिहायला जरा लाजच वाटते.

फ्लॅट घेणाऱ्यांचं थोडं सोपं आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करून नोंदवलेला बोजा काढायचा, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम बँका आणि गृहकर्ज कंपन्यांना १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. विकणाऱ्याचं कर्ज नुकतंच फिटलं असेल तर त्याला याची आठवण करून द्या.

दादाचं खरेदीखत झालं, पायाही खणून झालाय. काकांच्या दुसऱ्या गटावर मात्र तोच १९८६ चा बोजा अजून आहे, कारण अर्ज एकाच गटाचा केला होता. तो गटही आता विकायला काढलाय म्हणे.